दांडीवरचा पुरुषी सदरा

मिताराईबाईंना आमच्या नगरपालिकेत मागून सगळे ‘चाळणी’ म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बालसंगोपन विभागाच्या चार नंबरच्या खिडकीवर त्या अठ्ठावीस वर्षं बसल्या. त्यांच्या हातून गेलेल्या अर्जात खोट असेल तर ती सापडायचीच, आणि खोट नसेल तर त्या अजून एकदा बघायच्या. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर होते. माझं कंत्राट दर मार्चला नव्यानं व्हायचं, त्यामुळे ऑफिसात तोंड बंद ठेवायची मला सवय. घरी मात्र माझं तोंड चालतं, आणि हे मी घरी बसून लिहिते आहे.

इथे जपानात, आमच्या कुरेहामा गावात, एकट्या आईला पाळणाघराची फी जवळजवळ माफ होते, पाळणाघरात जागाही आधी मिळते, शिवाय मुलापाठी महिन्याचा भत्ता. अट एकच. ती खरोखरच एकटी असली पाहिजे. घटस्फोटाचा कागद असून भागत नाही. घरात कुणी पुरुष येऊन-जाऊन राहतो, जेवतो, असं दिसलं की नियमाच्या लेखी तो नवराच. म्हणून दर ऑगस्टला या सगळ्या बायका आमच्या मजल्यावर घाम पुसत रांगेत उभ्या राहायच्या आणि आम्ही त्यांना विचारायचो, सध्या कुणाशी संबंध आहेत का? हा प्रश्न कुणी मला विचारला असता तर मी ती खिडकीची काच फोडली असती. पण पगार घेत होते, म्हणून विचारत होते.

मिताराईबाईंचं या कामाचं एक शास्त्र होतं. मी नवीन असताना त्यांनी मला सांगितलं होतं, “खरं बोलणारी बाई चिडते, काजितानि-सान. खोटं बोलणारी समजावून सांगते. समजावून सांगायला लागली की पेन उघडायचं.”

“आणि जी चिडतही नाही, सांगतही नाही?”

“तिच्या घरी जायचं.”

घरी गेल्यावरचं शास्त्र वेगळं. नहाणीत ब्रश किती, भाताचे वाडगे किती, दारात बूट कुठल्या मापाचे. आणि सगळ्यात हुकमी हत्यार म्हणजे त्यांचा नवरा. मिताराईबाईंचे यजमान कंपनीच्या बदलीवर दूरच्या सेंदाई शहरात असतात, हे आख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं. नव्या वर्षाच्या सुट्टीनंतर त्या सगळ्यांना सेंदाईची हिरव्या सोयाबीनची मिठाई वाटायच्या. समोरची बाई गप्प बसली की त्या हळूच या नवऱ्याचं गाऱ्हाणं काढायच्या, घोरतो कसा, मोजे कुठे टाकतो. बाई हसायची, सैल व्हायची, आणि हसता हसता काहीतरी बोलून जायची. ते बोललेलं संध्याकाळपर्यंत कागदावर असायचं.

छप्पन्न वर्षांची ही बाई डोंगरावरच्या संत्र्यांच्या बागेतून आलेली. दुपारी डब्यात दोन भाताचे गोळे, मधे खारवलेलं आलुबुखार, बाकी काही नाही. कुणाच्या लग्नाला जायची नाही, कुणाच्या पार्टीत दुसऱ्या पेल्याला बसायची नाही. मला त्यांची भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडा तिटकाराही यायचा.

त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. असे फोन दर वर्षी येतात. नाव सांगायचं नाही, आवाज मात्र गोड. कालव्याजवळच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ओचि नावाची बाई राहते, सवलत एकटीची घेते, आणि गॅलरीतल्या दांडीवर रोज पुरुषाचे कपडे वाळत असतात. “माझं काही नाही हो, पण कर आपण सगळेच भरतो ना.” शेजारधर्म तो हाच.

ओचि चिनात्सु सव्वीस वर्षांची. माशांच्या वड्या तळायच्या कारखान्यात पहाटे सहाची पाळी. मुलगी सुझु, वय दोन. आम्ही गेलो त्या दिवशी मिताराईबाई इमारतीखाली थांबल्या आणि वर बघत राहिल्या. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक निळा कामाचा सदरा, तशीच पँट आणि एक मोठा बनियन दांडीला लटकत होते. बाजूला मुलीचे इवलेसे मोजे. मला फोटो काढायला सांगितलं, मी काढला. त्या आणखी मिनिटभर बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, सावज हेरतायत.

दार उघडलं तर आत, बूट काढायच्या जागेत, गमबुटांचा एक जंगी जोड. माझे दोन्ही पाय एकात मावले असते.

“हे कुणाचे?” मिताराईबाई म्हणाल्या.

“कुणाचेच नाहीत,” चिनात्सु म्हणाली. “गेल्या वर्षी इथे बायकांचे आतले कपडे चोरीला जायचे. वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या तर खिडकीशी कुणीतरी आलं होतं. चौकीतले हवालदार घरोघरी येऊन सांगून गेले, एकटी बाई असेल तर दांडीवर पुरुषाचे कपडे लावा, दारात मोठे बूट ठेवा. मी जुन्या बाजारातून आणले.”

ती समजावून सांगत होती. मिताराईबाईंनी पेन उघडलं. मलाही तिचं खरं वाटलं नाही, हे इथे कबूल करते. वर्षभर चोरांच्या भीतीनं रोज कपडे लावणं आणि काढणं, एवढी मेहनत कोण करतं?

मग नवरा निघाला. मिताराईबाई गार जवाचा चहा पीत म्हणाल्या, “आमचे सेंदाईहून आले की बूट असेच फेकतात दारात. आणि आंघोळीला बसले की तासभर नहाणी त्यांचीच. बाकीच्यांनी काय करायचं?”

चिनात्सु पहिल्यांदाच हसली. “माझा भाऊ अगदी तस्साच. बोटीवर असतो. दोन-दोन महिन्यांनी बंदराला लागला की सरळ इथे येतो, आधी आंघोळ. म्हणतो, ताई, बोटीवर पाणी मोजून मिळतं, इथे तरी मोजू नकोस.”

सुझु तिच्या मांडीवर चढून तिचं तोंड बंद करायला बघत होती. पोरगी आईपेक्षा शहाणी होती. संध्याकाळी अहवालात वाक्य आलं, ‘एक पुरुष घरी येतो व स्नान करतो, असे अर्जदाराने स्वतः सांगितले.’ भाऊ हा शब्द कंसात होता आणि त्यापुढे ‘पुरावा नाही’ असं लिहिलं होतं.

हिमेनो साहेब, आमचे विभागप्रमुख, अहवाल वाचून म्हणाले, “स्पष्ट आहे. महिनाअखेर बंद करा.” बंद म्हणजे भत्ता बंद, फी पूर्ण, आणि पाळणाघरातली सुझूची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला.

सवलत बंद होणार असल्याचं पत्र मिळाल्यावर चिनात्सु कारखान्याचे पांढरे बूट पायात तसेच ठेवून धावत आली. सुझु कडेवर. ती चिडली नाही, रडली नाही, फक्त विनवणी करत सारखी वाकत राहिली.

“चौकीत विचारा ना. हवालदारांनीच सांगितलं होतं.”

“विचारलं,” मिताराईबाई म्हणाल्या. “ते हवालदार बदलून गेले. नव्यांकडे तशी नोंद नाही.”

“भावाचं तर तुम्हाला मी सहज बोलले. तुम्ही तुमच्या घरचं सांगत होतात म्हणून.”

मिताराईबाईंनी कागद फाइलीत लावला.

“जागा गेली तर हिला कुठे ठेवू? पहाटेची पाळी सोडली तर दुसरी मिळत नाही. मी काय लिहून देऊ ते सांगा. काहीही लिहून देते.”

“काहीही लिहून देऊ नका,” मिताराईबाई एवढंच म्हणाल्या आणि पुढचा नंबर पुकारला. एकाच गावातली चौकी सांगते कपडे लावा आणि कचेरी विचारते का लावले, आणि मधे ही पोर. पण मी काय केलं? पुढच्या बाईचा अर्ज घेतला.

यानंतर मात्र विचित्र गोष्ट झाली. ती फाइल साहेबांच्या शेवटच्या शिक्क्यासाठी त्याच दिवशी जायला हवी होती, ती गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मिताराईबाईंच्या खणात पडून राहिली. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कागद अडवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्या मधेच खण उघडायच्या, मी काढलेला फोटो बघायच्या आणि खण लावायच्या. मला संशय आला. चिनात्सु त्यांच्या नात्यातली तर नाही? कुणी वरून शब्द टाकला की काय? एवढ्या वर्षांच्या सोवळेपणाचा भाव शेवटी किती निघाला? त्या जेवायला गेल्यावर मी त्यांचा खण उघडून बघितला. फाइल होती, फोटो होता, पाकीट वगैरे काही नव्हतं. तरी माझं समाधान झालं नाही. चाळणीशेजारी बसून बसून मला तिचीच भोकं पडली होती.

तिसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत. बरं नाही म्हणून निरोप. त्यांची रजा हीच मुळात बातमी होती. आमच्याकडे आजारी माणसाला फळं घेऊन जायची रीत आहे, तिचा मला सोयीचा उपयोग झाला. पीचची पेटी घेतली आणि संध्याकाळी त्यांच्या पत्त्यावर गेले. आस्था वगैरे काही नाही, मला बघायचं होतं.

त्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. खाली उभी राहून मी त्यांच्यासारखंच वर बघितलं. दांडीवर दोन पुरुषी सदरे आणि एक काळी पँट. मनात म्हटलं, अच्छा, यजमान आलेत म्हणून रजा. जिना चढले, घंटी वाजवली, दार उघडलं. दारात पुरुषाच्या चामडी बुटांचा जोड होता, टाचा भिंतीकडे. बुटांच्या आत धूळ होती. अलीकडे कुणी पाय घातला असता तर ती राहिली नसती.

मी बुटांकडे बघत होते आणि मिताराईबाई माझ्याकडे.

“शिकलात की,” त्या म्हणाल्या. “आत या.”

घरात वाडगा एक, ब्रश एक. टेबलावर औषधाची पुडी. त्यांनी पीच सोलून माझ्यापुढे ठेवला आणि सरळ विषयाला हात घातला, नेहमीसारखा.

“सतरा वर्षं झाली. सेंदाईला कुणी नाही. तो शेजारच्याच गावात असतो, दुसरा संसार आहे त्याचा. घटस्फोटाचा कागद मी त्याच आठवड्यात आस्थापनेत दिला होता, भत्तेही तेव्हाच कमी झाले. तिथल्या कारकुनाला एवढंच म्हटलं, बोलू नका. तो निवृत्त झाला, पुढे कुणी विचारलं नाही.”

“आणि मिठाई?”

“पोस्टानं मागवते.”

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. “पण का?”

“खिडकीवर कोण बसलंय, हे बायकांना कळलं की संपलं. सोडलं तर म्हणणार, स्वतः टाकलेली म्हणून सोडलं. धरलं तर म्हणणार, स्वतः टाकलेली म्हणून जळते. नवरा असलेली बाई नुसती नियम पाळते.” त्यांनी सुरी पुसली. “आणि एकटी राहायची भीती सगळ्यांनाच असते. मलाही कुणी सांगितलं होतं, सदरा लावा.”

“म्हणजे चिनात्सुचं खरं होतं.”

“अंगातला सदरा कॉलरला आधी विटतो, पँट गुडघ्याला. नुसता लटकवलेला खांद्यावर विटतो, जिथे ऊन बसतं. तिचा खांद्यावर पांढरा पडला होता आणि कोपर नव्यासारखे निळे. मला पहिल्याच दिवशी दिसलं, खाली रस्त्यावरूनच.”

मग मात्र माझं तोंड घरी चालतं तसं चाललं. “दिसलं होतं आणि तरी तुम्ही ती आंघोळ लिहिलीत?”

“लिहिली.”

“दोन वर्षांच्या पोरीची जागा जाते आहे, मिताराई-सान.”

“खरं लिहिलं असतं तर साहेबांनी पहिला प्रश्न विचारला असता, तुम्हाला हे कसं कळलं?” त्यांनी सुरी बाजूला ठेवली. “माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. तीन दिवस शोधते आहे.”

मी पीच तसाच टाकून उठले. मला त्यांचा राग आला होता आणि त्या एका ब्रशची दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम घेऊन जिना उतरणं कठीण जात होतं.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या आणि टेबलावर पिशवीसुद्धा न ठेवता साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आमचा हॉल उघडा, मधे भिंती नाहीत. तीस माणसं माना खाली घालून कान टवकारून बसली होती.

“ओचिंच्या अहवालात चूक आहे. हे कपडे कुणी घातलेले नाहीत,” त्यांनी फोटो ठेवला आणि खांदा, कोपर, गुडघा दाखवले.

हिमेनो साहेबांनी चष्मा वर केला. “हे तुम्हाला कसं माहीत?”

“माझ्या दांडीवर तसेच आहेत. सतरा वर्षं.”

“पण तुमचे यजमान… सेंदाई…”

“नाहीत.”

छपाईचं यंत्रसुद्धा नेमकं तेव्हाच थांबलं होतं. साहेब लाल झाले, वाकले, काहीतरी पुटपुटले आणि बोटीच्या कंपनीला फोन लावायला सांगितला. अर्ध्या तासात भावाचं नाव, बोट, तारखा, सगळं जुळलं. सवलत चालू, जागा कायम. हा फोन आम्ही पहिल्या दिवशीही करू शकलो असतो.

दुपारी साहेबांनी मला कोपऱ्यात बोलावलं. “काजितानि-सान, जरा गुपचूप बघून या. मिताराई-सानांनी या सतरा वर्षांत नवऱ्यापोटी काही घेतलंय का?”

मी गेले. आस्थापनेत फाइल मागितली तर ती टेबलावर काढूनच ठेवली होती. सकाळी मिताराई-सान सांगून गेल्या होत्या, कुणीतरी बघायला येईल. सगळं चोख होतं. मी तरी दोनदा बघितलं.

संध्याकाळी कागद द्यायला आम्ही दोघी कालव्याजवळच्या इमारतीत गेलो. तो टपालानंही गेला असता, पण मिताराईबाई ऐकेनात. त्यांना स्वतः सांगायचं होतं. खालून वर बघितलं तर दांडीवर चिनात्सुचे दोन ब्लाउज, सुझूचे फ्रॉक आणि आतले कपडे. निळा सदरा नव्हता.

दार साखळीपुरतं उघडलं. आत मोठे बूट नव्हते.

“तुमची सवलत चालू आहे. पाळणाघरही,” मिताराईबाईंनी फटीतून कागद दिला. “चूक माझी होती. मला माफ करा.”

चिनात्सुनं कागद वाचला. उलटून मागची बाजू बघितली, उजेडात धरला. “यात काय लिहून घेतलंय माझ्याकडून?”

“काही नाही. पोचल्याचा शिक्का, तोही इथे. बस.”

तिनं आत जाऊन सहीच्या जागी मारायचा आपल्या नावाचा शिक्का आणला आणि साखळी न काढता उमटवला.

“कपडे पुन्हा लावा,” मिताराईबाई म्हणाल्या. “खालून हे असं सगळं दिसतं. बरं नाही.”

“लावणार नाही.”

“आता कुणी काही लिहिणार नाही. मी सांगते ना.” मग त्यांनी आवाज खाली आणला. दिवसभरात दुसऱ्यांदा, आणि माझ्या माहितीत सतरा वर्षांत तिसऱ्यांदाच, त्या ते बोलल्या. “ओचि-सान, मीही एकटीच राहते. सेंदाईला माझं कुणी नाही. माझ्याही दांडीवर असाच सदरा असतो.”

चिनात्सुनं फटीतून त्यांच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मी पूर्वी न पाहिलेलं काहीतरी आलं, आणि ती ऐकत असेल असं मला क्षणभर वाटलं. पण ती त्यांना तोलत होती, जशा त्या तिला तोलत होत्या.

“मागच्या वेळी तुम्ही नवरा आहे म्हणून सांगितलंत, तर माझा भाऊ गेला कागदावर,” ती म्हणाली. “आता नवरा नाही म्हणून सांगताय. या वेळी काय हवंय?”

मिताराईबाईंनी तोंड उघडलं. त्या समजावून सांगू लागणार होत्या, ते मला दिसलं. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी तोंड मिटलं.

“निदान सदरा तरी,” मीच म्हटलं. “चोर येतात ना इथे.”

“चोर आला तर मी ओरडेन. शेजारी येतील,” चिनात्सु म्हणाली. “तुम्ही आलात तर कुणाला हाक मारू?”

दार लागलं. साखळी काढल्याचा आवाज आला नाही, आतून कडी मात्र लागली. मिताराईबाई माफी मागताना वाकतात तशा बंद दारापुढे कमरेत पूर्ण वाकल्या आणि माझी पाठ दुखायला लागेपर्यंत तशाच राहिल्या.